एका विम्याचे तीन धनी

त्या रविवारी थोरल्याचा हिशोब सरळ होता. द्यायचे होते पंचावन्न हजार आणि मिळवायची होती आईवडिलांच्या घराची पुढची खोली. रस्त्याला लागून, दोन दारांची, टेम्पो थेट उंबऱ्याशी लागेल अशी. रंगाच्या दुकानाचा जास्तीचा माल तो ज्या भाड्याच्या गोदामात ठेवायचा, त्याला महिना साडेसात हजार, म्हणजे वर्षाला नव्वद जात होते. पंचावन्न देऊन नव्वद वाचणार, वर चांगला मुलगा म्हणून नाव होणार ते वेगळंच. नावाची किंमत त्यानं हिशोबात धरली नव्हती, पण सोडूनही दिली नव्हती.

गेली सहा वर्षं अप्पा-आईच्या आरोग्यविम्याचा हप्ता आपण एकटे भरतो, हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. आईनंच तसं बजावलं होतं. "ताईला बोलू नकोस, तिला वाटेल लग्न झालं म्हणून परकं केलं. धाकट्याला तर मुळीच नको, त्याचं अजून कशात काही नाही." थोरल्यानं शब्द पाळला. बायकोला सांगितलं, पण बायकोपासून काय लपवायचं? सासऱ्यांना सांगितलं, कारण विषय निघाला. दुकानातल्या माणसांना आणि उधारीवर माल नेणाऱ्या काही रंगाऱ्यांना सांगितलं, कारण वेळेवर पैसे देणारी माणसं जगात असतात हे त्यांना कळणं गरजेचं होतं. बाकी कुणाला नाही.

यंदा आईनं फोन करून सांगितलं, "अप्पांना पंच्याहत्तर पूर्ण झाली. हप्ता वाढलाय. चाळीसच्या ऐवजी पंचावन्न दे." थोरला म्हणाला, "आई, पैशाचं काही नाही, पण आता एकदा सगळ्यांनी बसू या."

"बसायचं कशाला? उभ्या उभ्या दे की."

"नाही, बसू या," थोरला म्हणाला. पलीकडे आई बराच वेळ गप्प होती. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई फोनवर गप्प बसते तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं, एवढं तिच्या पोटच्या मुलाला कळायला हवं होतं. त्याच्या डोळ्यांपुढे रंगाचे डबे होते.

तर सगळे बसले. ज्या खोलीवर थोरल्याचा डोळा होता, त्याच खोलीत. अप्पा खिडकीतल्या त्यांच्या खुर्चीत होते. पाणीखात्यात मीटर वाचण्यात त्यांची नोकरी गेली. निवृत्तीनंतर या खिडकीतून ते रस्ता वाचत असत: कोणाची गाडी नवी, कोणाचं दार दुपारी दोनलाही बंद. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसले. तेव्हा विम्यानं दवाखान्याचं बिल भरलं, आणि त्या दिवसापासून विमा या शब्दाला घरात मान आला. गोळ्यांचं बिल मात्र विमा भरत नाही. ते दर महिन्याला येतं, आणि दर महिन्याला मागच्यापेक्षा थोडं मोठं असतं.

थोरल्याची बायको, या घरची एकुलती सून, एका शाळेत उपमुख्याध्यापिका होती. ती साक्षीदार म्हणून आली होती. मधली ताई आपलं ब्यूटी पार्लर अर्धा दिवस बंद ठेवून आली होती आणि ते तिनं आल्या आल्या सांगितलं होतं. धाकटा याच घरात, मागच्या खोलीत राहायचा. दिवसभर कानाला हेडफोन लावून लग्नांचे व्हिडिओ कापायचा आणि जोडायचा. स्वतःचं लग्न करायला त्यामुळे वेळ मिळत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. आज हेडफोन गळ्यात होते.

आईनं चहा ओतला. कपाच्या आतल्या काठाला बोट लावून ओतला, तरी थोडा बशीत सांडला. आई हल्ली वेंधळी झालीय, असं ताईच्या मनात आलं. मग आईनं आपला फोन सुनेच्या हातात दिला. "कंपनीचा मेसेज आलाय म्हणे. बघ गं काय म्हणतात. माझा चष्मा कुठं गेलाय कोण जाणे."

चष्मा तिच्या कपाळावर होता. सून हसली आणि मेसेज उघडू लागली.

तिला तो मोठ्यानं वाचायची संधी मिळाली नाही, कारण थोरल्यानं घसा साफ केला.

"आज एक गोष्ट सांगायला बसवलंय," तो म्हणाला. "कुणाला बोलायचं नाही असं ठरलं होतं, पण आता आकडे असे झालेत की बोलावं लागतंय. अप्पा-आईचा विमा गेली सहा वर्षं मी भरतोय."

"तू?" ताई म्हणाली.

"मी. एकट्यानं. कुणाकडे काही मागितलं नाही, पुढंही मागणार नाही. यंदाचे पंचावन्नसुद्धा मीच भरतो. फक्त माझी एवढीच…"

"दादा, थांब जरा. विमा मी भरते."

"काय भरतेस?"

"विमा. अप्पा-आईचा. चार वर्षं झाली. पार्लरच्या गल्ल्यातून, नवऱ्याशी भांडून भरते. आई, सांग ना याला!"

आईनं साखरेचा डबा उघडला आणि परत लावला.

"ताईला काहीतरी वाटतंय," थोरला बायकोकडे बघून म्हणाला. "तिनं कधीतरी हजार-पाचशे दिले असतील…"

"हजार-पाचशे? चाळीस! पूर्ण चाळीस हजार! आणि यंदा पंचावन्न सांगितलेत, ते माझ्या पर्समध्ये आहेत. काढू?"

"एक मिनिट," धाकटा म्हणाला. या घरात तो एक मिनिट मागायचा तेव्हा कुणी देत नसे, पण आज खोली आपोआप शांत झाली. "मलाही पंचावन्नच सांगितलेत. आधी चाळीस होते. आई म्हणाली, दादा-ताईचे संसार आहेत, त्यांना सांगू नकोस, तुझ्यावर एकट्यावरच आहे."

तीन भावंडं लहानपणी एका ताटावरून भांडत, मोठेपणी एका भिंतीवरून भांडली. आज प्रथमच ती तिघं एका बाजूला आली. तिघांनी एकदम आईकडे पाहिलं.

"तीन वेळा?" थोरला म्हणाला. "एका विम्याचे तीन वेळा पैसे?"

"चाळीस त्रिक एकशे वीस," ताई म्हणाली. तिला पाढे येत होते. "त्यातले चाळीस विम्याला. मग ऐंशी गेले कुठे?"

"मला नका बघू," धाकटा म्हणाला, कारण दोघंही त्याच्याकडेच बघू लागली होती. एकी साधारण चहा निवेपर्यंत टिकली.

"तो नवा टीव्ही कुठून आला रे तुझ्या खोलीत?"

"तो मॉनिटर आहे ताई, कामाचा. आणि तुझ्या पार्लरमध्ये ती गोल फिरणारी खुर्ची आली, तेव्हा मी विचारलं?"

"माझ्या खुर्चीचं कर्ज चालू आहे!"

"इथंच राहतो, इथंच जेवतो," थोरला कुणालाही उद्देशून नसल्यासारखं म्हणाला. "वापरात आले असतील. मी काही म्हणत नाही."

सुनेनं एव्हाना मेसेज वाचला होता. त्यात दोनच गोष्टी होत्या, रक्कम आणि तारीख. रक्कम बघून तिला सगळं एका क्षणात कळलं. पण वर्गात गोंधळ चालू असताना लगेच उत्तर सांगायचं नसतं, हा तिचा वीस वर्षांचा अनुभव. शिवाय नणंदेला नवऱ्याच्या अंगावर आणि नवऱ्याला धाकट्या दिराच्या अंगावर जाताना पाहणं तिला रोज मिळत नव्हतं. ती चहा पीत राहिली.

गोंधळ थांबवला अप्पांनी. ते खुर्चीतून उठले.

"मी चाळीस वर्षं लोकांच्या घरात शिरून मीटर वाचले," ते म्हणाले. "आकडा कमी लिहा म्हणून लोक खिशात हात घालायचे. एका पैशाला हात लावला नाही. आणि माझ्या नावावर माझ्याच घरात वर्गणी गोळा होते? अगं, तू तर म्हणालीस हप्ता तुझ्या पेन्शनीतून जातो!"

"तुम्ही विचारलंत एकदाच," आई म्हणाली. "तेव्हा जात होता."

अप्पांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे मीटर वाचले, घरातला कधी वाचला नाही. एक तारखेला पगार बायकोच्या हातात दिला की त्यांचं काम संपायचं. ते पुन्हा बसले.

आता सुनेनं कप खाली ठेवला. "अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "यावर एक लाख पासष्ट हजार लिहिलंय."

"कशावर?"

"मेसेजवर. हप्ता. भरायची शेवटची तारीख आज. आज रात्री बारापर्यंत नाही भरला तर पॉलिसी बंद, मग नवी घ्यायची, आणि नव्यात आधीचे आजार चार वर्षं धरत नाहीत." तिनं फोन थोरल्यापुढे केला. "पंचावन्न त्रिक एकशे पासष्ट."

या वेळी पाढ्याचं कुणी कौतुक केलं नाही.

"सहा वर्षांपूर्वी चाळीस होता," आई म्हणाली. तिचा आवाज एक्स्चेंजमध्ये होता तसा झाला, सरळ आणि कुणाचीच बाजू न घेणारा. "तेव्हा तू एकटा पुरलास. ऐंशी झाला, तेव्हा ताईची लाइन जोडली. एकशे वीस झाला, तेव्हा ह्याची. एक्स्चेंजच्या बोर्डावर एका लाइनीची कॉर्ड दुसरीत गेली की दोघं एकमेकांचं ऐकतात आणि मग दोघंही आपल्यालाच शिव्या देतात. म्हणून लाइनी वेगळ्या ठेवल्या."

"पण तू सरळ सांगायचंस ना, आई!" ताई म्हणाली.

"काय सांगायचं? वाढलाय म्हणून? मग तुम्ही मीटिंग भरवली असती." आईनं खोलीभर हात फिरवला. "अशी."

थोरल्यानं मेसेज पुन्हा एकदा वाचला. त्याचा गेल्या सहा वर्षांचा मोठेपणा एका मिनिटात एक तृतीयांश झाला होता, आणि सासऱ्यांना नेमकं काय सांगायचं याची जुळवाजुळव त्याच्या मनात सुरू झाली होती. खोलीचा विषय त्यानं जिभेवरून परत गिळला. एक तृतीयांश विम्याला अख्खी खोली मागणं बरं दिसलं नसतं. आणि तिसरा हिस्सा मागायला खोली काही केक नव्हती.

"ठीक आहे, झालं ते झालं," ताई म्हणाली. "पण एकदम पंधरा पंधरा वाढ? पार्लरमध्ये क्रीमसुद्धा महाग झालंय. दरवर्षी असंच चाललं तर?"

"पुढच्या वर्षी दोन लाख," धाकटा म्हणाला. त्याला असली भविष्यं सांगायला आवडत.

"काहीतरी कमी करता येईल ना त्यात," थोरला म्हणाला.

"कमी म्हणजे, त्यात असतंच काय," सून म्हणाली, "दोन माणसं." एवढं बोलून ती थांबली. पुढचं वाक्य दुसऱ्या कुणीतरी बोलावं, अशी तिची इच्छा होती.

"मी आपलं एक विचारते हं," ताई म्हणाली. "अप्पांचं हृदयाचं आहे, त्यांना तर पाहिजेच. आईचं तसं काय आहे?"

"आईला काही नाही," थोरला लगेच म्हणाला. "आई आपल्या सगळ्यांपेक्षा ठणठणीत आहे. बघ ना, या वयात अजून स्वतः चहा करते."

"जिना कसा चढतात आई! आमच्या शाळेतल्या चाळिशीच्या बायका धापा टाकतात," सून म्हणाली.

"डोळे सोडले तर काहीच नाही," ताई म्हणाली. "आणि डोळ्याचं इंजेक्शन विम्यात बसतच नाही, हो ना गं आई?"

"नाही बसत," आई म्हणाली.

पाच मिनिटांत आईच्या तब्येतीचं जेवढं कौतुक झालं, तेवढं सबंध जन्मात झालं नव्हतं. तिला विम्यातून काढा असं एकानंही म्हटलं नाही. घरात वळण होतं.

धाकट्यानं लॅपटॉप उघडला. कंपनीच्या साइटवर वय टाकलं की हप्ता कळतो. "समजा हं, फक्त समजा," तो म्हणाला, "एकटे अप्पा टाकले. पंच्याहत्तर. तर…" तो थांबला. "चुकतंय काहीतरी."

"किती येतात? नव्वद? शंभर?" थोरल्यानं मान पुढे काढली. त्याच्या डोक्यात भागाकार तयार होता.

"एकशे पासष्ट."

"मग तू दोघं टाकली असशील."

"नाही रे, एकटे अप्पा. दोघं टाकली तर…" त्यानं पुन्हा बोटं चालवली. "दोनशे साठ."

"साइट बिघडली असेल," ताई म्हणाली.

"साइट बरोबर आहे," आई म्हणाली.

अप्पांनी खिडकीतून मान वळवली.

"दोन वर्षांपूर्वी दोघांचा मिळून एकशे नव्वदवर गेला," आई म्हणाली. "तुमच्या तिघांचे येत होते एकशे वीस. चौथं मूल मला नाही. मग माझं नाव काढलं, तर बरोबर एकशे वीसात बसलं. तुम्ही जे आत्ता शोधताय ना, ते मी शोधून ठेवलंय. तुमचा वेळ वाचला."

धाकट्यानं लॅपटॉप बंद केला. सून बशीकडे बघत होती. मनातल्या मनात का होईना, आपण जी गोष्ट करायला निघालो होतो ती दोन वर्षांपूर्वीच होऊन गेलीय, हे कळल्यावर माणसाला लाज वाटावी की सुटल्यासारखं वाटावं, हे तिघांपैकी कुणालाच ठरवता येईना. थोरल्यानं मधला मार्ग काढला. तो चिडला.

"हे बरोबर नाही आई! तुला उद्या काही झालं तर? तुझं नाव परत घालू. लागेल तेवढं लागू दे, मी…" तो जरा थांबला. "आम्ही भरू."

"परत घालायला तपासणी करतात. तपासणीत डोळे निघतात. मग ते फॉर्मच घेत नाहीत. मी विचारलंय."

"डोळ्यांना काय झालंय?" अप्पा म्हणाले. "तू तर दर दोन महिन्यांनी इंजेक्शनला जातेस."

"जाते ना."

"मग?"

आईनं कपाळावरचा चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला. "इंजेक्शन दोन्ही डोळ्यांना लागतं. एका डोळ्याचं नऊ हजार होतं, ते बाराचं झालं. इकडे तुमच्या गोळ्या वाढल्या. पेन्शन तेवढीच. मी डॉक्टरांना म्हटलं, एकावर भागवा."

"असं भागवता येतं?" ताईनं विचारलं. विचारल्यावर तिलाच कळलं की हे विचारायला नको होतं.

"एकावर भागतं," आई म्हणाली. "उजव्यावर. डाव्यानं आता खिडकी दिसते, खिडकीत कोण बसलंय ते नाही दिसत."

अप्पा खिडकीतच बसले होते. चाळीस वर्षं लोकांच्या अंधाऱ्या जिन्यांत, धुळकट काचांमागचे आकडे ज्या माणसानं वाचले, त्याला समोरच्या माणसाचा डोळा वाचता आला नव्हता, आणि ते त्यांना पोरांच्या देखत कळलं होतं.

ताई रडू लागली. थोरल्यानं पाणी आणायला धाकट्याला पाठवलं. सून म्हणाली, "आई, तुम्ही आम्हाला एका शब्दानं सांगायचं होतं," आणि हे वाक्य तिला शाळेतल्या पालकसभेतल्यासारखं वाटलं म्हणून ती पुढचं बोलली नाही.

"झालं का?" आई म्हणाली. "आता बाराच्या आत पैसे भरायचेत. आणि तू काहीतरी मागायला आला होतास ना रे?"

"मी?" थोरला म्हणाला. "छे छे."

"फोनवर तुझा आवाज मागणाऱ्याचा होता. मला डोळ्यांनी कमी दिसतं, ऐकू व्यवस्थित येतं. 'माझी एवढीच' म्हणून थांबलास मघाशी. काय?"

थोरल्यानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं भिंतीकडे पाहिलं. "ते… ही खोली," तो म्हणाला. "म्हणजे माल ठेवायला. पण आता नको. राहू दे."

"राहू दे कशाला? घे की."

"आई!" ताईचं रडणं थांबलं. खोलीचं नाव निघाल्यावर डोळे कोरडे व्हायला तिला वेळ लागला नाही. "अशी कशी घे?"

"भाड्यानं," आई म्हणाली. "तिथं गोदामाला काय देतोस, साडेसात? तेच इथं दे. दर एक तारखेला. दोन महिन्यांचे पंधरा होतात, माझं एक इंजेक्शन निघून थोडे उरतात. आणि तू," ती धाकट्याकडे वळली, "मागच्या खोलीचे तीन हजार. मॉनिटरसकट."

"मी पण भाडं? घरातल्या घरात?"

"मग बाहेर बघ, किती पडतं ते."

धाकट्यानं बाहेर किती पडतं ते पाहिलेलं होतं. थोरल्यानं मनात पुन्हा हिशोब मांडला. नव्वद वाचणार होते, ते आता एका खिशातून दुसऱ्या दाराला जाणार होते. पण नाही म्हणायची सोय नव्हती. बायको आणि बहीण दोघी आज प्रथमच एका चेहऱ्यानं त्याच्याकडे बघत होत्या. भाडं थोरला देणार म्हटल्यावर ताईला आईची कल्पना फारच पटली होती.

पैसे भरताना फोनवर सहा आकड्यांचा कोड आला. आईनं फोन उजव्या डोळ्याच्या जवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. कोडाची वेळ चालली होती. मग तिनं तो खिडकीकडे धरला. अप्पांनी आकडे वाचले, मीटर वाचत तसे, एकेक सुटा, मोठ्यानं आणि न चुकता. धाकट्यानं ते टिपले. कंपनीनं लगेच आभार मानले आणि आपल्या निरोगी आयुष्यासाठी शुभेच्छा दिल्या.

"कुणाला लिहिलंय?" आईनं विचारलं.

अप्पांनी पुन्हा पाहिलं. "मला," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला आणि अप्पांची खुर्ची आत, स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. तिथून रस्ता दिसत नाही, ओटा दिसतो. चहा ओतताना कपाला लागलेलं बोट दिसतं.

तर एकूण जमा अशी झाली. थोरल्यानं पंचावन्न भरले आणि भाडं कबूल केलं. सासऱ्यांना त्यानं अजून आकडा सुधारून सांगितलेला नाही. ताईनं पंचावन्न भरले, आणि नवऱ्याशी भांडताना वापरायचं 'मी एकटी भरते' हे चांगलं चालणारं वाक्य कायमचं गमावलं. धाकट्यानं पंचावन्न आणि महिना तीन. सुनेनं काही भरलं नाही, फक्त गुणाकार केला. अप्पांनी खिडकी दिली. आईनं डावा डोळा दिला होता, आणि तो आगाऊ.